वायफायच्या एका बगसाठी रिलीज थांबवायचं का?

"सर, राउटरचा पासवर्ड बदलला तर नेट लागूनच नाही राहिलं. रिलीज थांबवा म्हणून टाकून देऊ का?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत इंजिनिअरिंगच्या एका मुलाने हे विचारलं, तेव्हा रिलीजला पाच दिवस उरले होते. एका लिनक्स डिस्ट्रोची (लिनक्सवर बनलेल्या तयार सिस्टीमची) रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधीची जवळजवळ अंतिम, प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही सहा लॅपटॉपवर ती चालवून बघत होतो. त्याला सापडलेला बग असा होता: घरच्या राउटरचा पासवर्ड बदलला की सेटिंग्जमधलं वायफायचं पान जुन्याच पासवर्डने जोडायचा प्रयत्न करत राहतं, नवा पासवर्ड विचारतच नाही. आणि त्या नेटवर्कच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबलं की सेटिंग्जचं ॲपच बंद पडतं.

त्याच्या लॅपटॉपवर खरंच नेट नव्हतं, त्यामुळे त्याची घाई मला समजत होती. पण रिलीज थांबवायला सांगणं म्हणजे टेस्टर, अनुवादक, सॉफ्टवेअरची पॅकेज सांभाळणारे, डाउनलोडच्या प्रती ठेवणारे मिरर चालवणारे अशा कितीतरी लोकांचं वेळापत्रक पुढे ढकलायला सांगणं. ते सांगायचा हक्क पहिल्याच रविवारी आलेल्या मुलालाही आहे, फक्त त्याआधी थोडं काम करावं लागतं. हे काम कसं करायचं ते पहिल्यांदाच टेस्टिंगला बसणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. उदाहरण शेवटपर्यंत याच बगचं घेतो, कारण आमचा निर्णय त्या दिवशी दोनदा बदलला.

पहिली पायरी: खरा लॅपटॉप

टेस्टिंग बरंचसं व्हर्च्युअल मशीनमध्ये होतं आणि व्हर्च्युअल मशीनला वायफाय नसतं. आतल्या सिस्टीमला बाहेरचं कनेक्शन वायर लावल्यासारखंच दिसतं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, खोटे वायफाय रेडिओ उभे करणारं एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल आहे, त्यावर काही गोष्टी तपासता येतात. पण खरं कार्ड, खरा राउटर आणि घाईत चुकीचा पासवर्ड टाकणारा माणूस हे तिघे एकत्र आल्यावर जे होतं ते तिथे दिसत नाही. म्हणून वायफायचे बग उशिरा सापडतात, आणि म्हणून नागपुरातल्या एका मुलाचा चार वर्षं जुना लॅपटॉप टेस्टिंगसाठी फार मोलाचा असतो.

एका मशीनवर झालेल्या बगला मी अजून बग म्हणत नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या वायफाय कार्डवर, तो पुन्हा करून दाखवा. आम्ही इंटेलच्या दोन, रिअलटेकच्या एका कार्डवर आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या एका यूएसबी डोंगलवर करून बघितला. चारही ठिकाणी तो जसाच्या तसा झाला. म्हणजे दोष कार्डाचा नव्हता.

मग मागची आवृत्ती लावून बघा. हे नवखे हमखास विसरतात. तोच बग आधीच्या रिलीजमध्येही असेल, तर नवं रिलीज थांबवून कोणाचंही भलं होत नाही, लोक तो आजही सोसतच आहेत. आमच्या बाबतीत जुन्या आवृत्तीत पासवर्ड नीट विचारला जात होता. म्हणजे चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली होती, आणि अशा बगचं वजन जास्त धरायचं.

दुसरी पायरी: बग कोणत्या मजल्यावर आहे

सेटिंग्जमधलं वायफायचं पान स्वतः काही जोडत नाही. ते फक्त निरोप देतं. निरोप घेणारा असतो नेटवर्कमॅनेजर, पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम. तो पुढे डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाच्या प्रोग्रामला सांगतो आणि सप्लिकंट राउटरशी पासवर्डची देवाणघेवाण करतो. त्याखाली कर्नलमधला ड्रायव्हर, आणि सगळ्यात तळाला कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर. पाच मजली इमारतीत नळाला पाणी नाही म्हटल्यावर आपण आधी टाकी बघतो की तोटी? इथेही तसंच, एकेक मजला बाजूला काढत जायचं.

टर्मिनल उघडा आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ही कमांड द्या (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). आजूबाजूची नेटवर्क दिसली तर ड्रायव्हर आणि फर्मवेअर ठीक आहेत. काहीच दिसलं नाही तर 'आरएफकिल लिस्ट' बघा, वायफाय बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद तर नाही ना. कार्डच ओळखलं जात नसेल तर तो सेटिंग्जचा बग नाहीच. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या कार्डांचं फर्मवेअर वाटायची परवानगी नसल्यामुळे अनेक डिस्ट्रोंमध्ये ती पहिल्या दिवसापासून चालत नाहीत, आणि त्यासाठी कोणी रिलीज थांबवत नाही. डेबियन या डिस्ट्रोने या प्रश्नावर २०२२ मध्ये सदस्यांचं मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ लागलं. तेव्हापासून लॅपटॉपवर डेबियन टाकणाऱ्यांचा पहिला तास बराच सुसह्य झाला.

आता 'एनएमसीएलआय'नेच नव्या पासवर्डने जोडून बघा. जोडलं गेलं तर नेटवर्कमॅनेजरही निर्दोष, दोष वरच्या मजल्यावरच्या पानात. आमच्याकडे ते जोडलं गेलं. 'कोअरडम्पसीटीएल लिस्ट' दिल्यावर बंद पडलेल्या प्रोग्रामांत फक्त सेटिंग्जचं ॲप दिसलं. म्हणजे बग तोटीत होता, टाकीत नव्हता.

लॉग जोडताना एक काळजी घ्या. 'जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर' या लॉगमध्ये पासवर्डच्या जागी 'हिडन' असा शब्द येतो, पण तुमच्या नेटवर्कचं नाव आणि कार्डाचा पत्ता त्यात असतो. तो बदलून मगच टाका. आणि ईटीसी फोल्डरमधल्या सिस्टीम-कनेक्शन्सच्या फाइली कधीही जोडू नका. त्यांत पासवर्ड उघडा लिहिलेला असू शकतो. मदत करायच्या उत्साहात घरचा पासवर्ड जगासमोर ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरी पायरी: आडवाट, आणि ती कोणाला चालता येईल

रिलीजच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो: यातून वाट काढता येते का? टर्मिनलमध्ये कमांड देऊन नेट लागतं हे खरं, पण माझ्या मते ती आडवाट मोजूच नये. ज्या काकूंनी मुलाच्या सांगण्यावरून लिनक्स टाकून घेतलं, त्यांना ती कमांड सापडणार कुठे? शोधायला नेट लागेल, आणि नेटच तर गेलेलं आहे.

आडवाट डेस्कटॉपवरच, माउसने, कोणाला न विचारता सापडेल अशी हवी. अर्धा तास शोधल्यावर आम्हाला अशी एक सापडली. वायफायच्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूत जतन केलेल्या नेटवर्कची यादी असते. तिथून जुनं नाव काढून टाकायचं आणि मग ते नेटवर्क नवं असल्यासारखं जोडायचं. पान बंद पडलं नाही, पासवर्ड विचारला, नेट लागलं. वाट थोडी लांबची, पण चालण्यासारखी.

दुसरी वाट आपल्याकडे घरोघरी आहे आणि टेस्टर तिचा विचारच करत नाहीत: फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणं. अँड्रॉइड फोन असा जोडला की लॅपटॉपला ते वायरचं कनेक्शन वाटतं, वायफायचं पान मधे येतच नाही. मोबाइल हॉटस्पॉट मात्र आडवाट नव्हे, तोही वायफायच आहे. बग लिहिताना लोक या दोन्हींची फार गल्लत करतात.

इथपर्यंत आल्यावर माझं मत झालं होतं, थांबवायची गरज नाही. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, होस्टेलचं काय?" तिच्या होस्टेलमध्ये प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो, ज्याला एंटरप्राइझ प्रकारचं वायफाय म्हणतात, आणि तो पासवर्ड दर सत्राला बदलतो. म्हणजे ज्याला आपण क्वचित घडणारी गोष्ट समजत होतो ती तिथे वर्षातून दोनदा, साऱ्या होस्टेलला एकाच दिवशी घडणार. तिच्या लॅपटॉपवर एंटरप्राइझचं नेटवर्क लावून तीच आडवाट तपासली. चालली. पण तिने विचारलं नसतं तर आम्ही ते तपासलं नसतं. बगचा त्रास कोणाला होईल हे ठरवताना आपल्या घरचा राउटर सोडून बाकी जग कसं जोडतं ते एकदा आठवा: होस्टेल, ऑफिस, नाव लपवलेलं नेटवर्क, लॉगिनचं पान उघडणारं स्टेशनावरचं वायफाय.

चौथी पायरी: दुरुस्ती पोचणार कशी

हे लिहायला बसलो ते खरं तर या पायरीसाठी. बग किती वाईट आहे हा प्रश्न दुय्यम आहे. रिलीजनंतर अपडेट पाठवून तो सुधारता येईल का, हा प्रश्न आधी. कॅल्क्युलेटर चुकीची बेरीज करत असेल तर वाईट दिसतं, पण दुसऱ्या दिवशी अपडेट येतो आणि विषय संपतो. वायफायचं तसं नाही. अपडेट ज्या रस्त्याने येणार तोच रस्ता तुटलेला असतो. म्हणून वायफायच्या छोट्या बगकडेही बाकी बगपेक्षा कठोरपणे बघावं लागतं.

आणि पेनड्राइव्हवर उतरवलेली आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) एकदा बाहेर पडली की ती तशीच राहते. सहा महिन्यांनीही कोणीतरी तीच डाउनलोड करून इन्स्टॉल करणार. उबंटू डिस्ट्रोची १७.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि डिसेंबरमध्ये तिचं डाउनलोड मागे घ्यावं लागलं, कारण कर्नलमधल्या इंटेल एसपीआय ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि आणखी काही लॅपटॉपवर बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज जतन होणंच बंद झालं होतं. नवी आयएसओ जानेवारी २०१८ मध्ये आली. अपडेटने भरून न निघणारं नुकसान म्हणजे काय ते यातून समजतं. फेडोरा या डिस्ट्रोने २०२२ मध्ये उलट बाजूने सावधपणा दाखवला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी असल्याची आगाऊ घोषणा झाल्यावर फेडोरा ३७ थांबवलं गेलं, १ नोव्हेंबरला दुरुस्ती आली आणि रिलीज १५ नोव्हेंबरला झालं. सदोष आयएसओ कायमची बाहेर राहू नये म्हणून ही वाट बघणं होतं.

आता हाच प्रश्न आमच्या बगला विचारू. या बगसाठी आधीपासून जतन असलेला, पण आता चालत नसलेला पासवर्ड लागतो. ताज्या इन्स्टॉलमध्ये जतन काहीच नसतं, म्हणजे पहिलं कनेक्शन लागणार आणि त्यावरून अपडेटही येणार. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करणारे तर नेट चालू असतानाच अपग्रेड करतात, आणि रिलीजच्या दिवशी दुरुस्त पॅकेज भांडारात, म्हणजे अपडेट जिथून उतरतात तिथे, ठेवलं असेल तर अपग्रेडसोबत तेच उतरतं. म्हणजे आयएसओमध्ये बग राहिला तरी तो जवळजवळ कोणाला गाठणार नाही.

जवळजवळ. कारण एक जागा राहिली होती आणि तिथे माझं मत पुन्हा डळमळलं. ताज्या इन्स्टॉलवर पहिल्यांदाच पासवर्ड चुकीचा टाकला तर? राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा बारीक अक्षरांतला पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर टाकणारे किती असतात! तो चुकीचा पासवर्ड जतन झाला आणि पान पुन्हा विचारेनासं झालं, तर नवा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच अडकणार, नेटशिवाय, म्हणजे अपडेटशिवाय. तसं असतं तर मी हात वर करून म्हणालो असतो, थांबवा.

म्हणून तीन लॅपटॉप पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालू केले आणि मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकले. एकदा एक अक्षर कमी, एकदा मोठं अक्षर छोटं, एकदा पूर्ण भलतंच. तिन्ही वेळा पासवर्ड पुन्हा विचारला गेला. एकदा यशस्वी झालेलं कनेक्शन नंतर फसलं तरच पान गोंधळत होतं. मग बरोबर पासवर्ड टाकून इन्स्टॉल केलं, अपडेट मागवले, ते आले.

रिलीज थांबवायचं नाही, हे तेव्हा ठरलं.

पाचवी पायरी: निकष उघडून वाचा

आपल्याला काय वाटतं हे बैठकीत फार चालत नाही, निकष चालतात. प्रत्येक मोठ्या डिस्ट्रोचे ते लिहिलेले असतात. फेडोराच्या निकषांमध्ये नेटवर्कबद्दल म्हटलं आहे की रिलीज अडवू शकणाऱ्या डेस्कटॉपवरच्या नेटवर्कच्या साधनांनी नेहमीची जोडणी मोठ्या आडवाटेशिवाय करता आली पाहिजे. यातले 'नेहमीची' आणि 'मोठ्या' हे दोन शब्द मोजपट्टीने मोजता येत नाहीत. वरच्या तीन-चार पायऱ्यांचं काम त्या दोन शब्दांत अर्थ भरण्यासाठीच असतं. होस्टेलच्या मुलीचा प्रश्न 'नेहमीची' या शब्दाचा होता, यादीतून नाव काढून टाकण्याची वाट 'मोठ्या' या शब्दाची.

डेबियनमध्ये बगच्या तीव्रतेवरून ठरतं. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन पातळ्या रिलीज अडवतात, त्याखालची इम्पॉर्टंट अडवत नाही. नवखे रागाच्या भरात सरळ क्रिटिकल लावतात. त्या पातळीचा अर्थ संबंध नसलेलं सॉफ्टवेअर किंवा सगळी सिस्टीम मोडणं, डेटा गंभीर प्रमाणात जाणं, किंवा पॅकेज टाकल्यानेच सुरक्षेत भगदाड पडणं असा आहे. तुमचं नेट गेलं म्हणून क्रिटिकल होत नाही, आणि चुकीची पातळी लावली की पुढच्या वेळी तुमचा खरा क्रिटिकल बगही लोक सावकाश वाचतात.

हो-नाहीच्या मधेही जागा असते. फेडोरात याला फ्रीज एक्सेप्शन म्हणतात: बग रिलीज अडवत नाही, पण दुरुस्ती वेळेत आली तर रिलीजआधी बदलांसाठी बंद केलेल्या दारातून तिला आत घेतात. दुसरा प्रकार, रिलीजच्या दिवशीच अपडेट तयार हवा एवढीच अट. आमच्या बगला हा दुसरा प्रकार योग्य होता. फ्रीज एक्सेप्शन मागू या असं दोघांचं म्हणणं होतं, मी नको म्हणालो. दुरुस्ती कोणत्या मजल्यावर होणार हे इथे बघावं लागतं. पानातला दोष पानात सुधारला तर धोका कमी, हे खरं. पण पॅचवर, म्हणजे दुरुस्तीच्या कोडवर, नजर टाकली तर पासवर्ड मागणारा तोच भाग बदलला जात होता ज्यावर ताज्या इन्स्टॉलची पहिली जोडणी अवलंबून होती. पाच दिवस आधी चालणारी तोटी उघडून तिचा वायसर बदलायचा, तोही ज्यांना त्रास नाही अशा लोकांसाठी? आयएसओमध्ये माहीत असलेला छोटा दोष राहू देणं मला त्यापेक्षा बरं वाटतं.

लगेच अडवावेत असे वायफायचे बगही सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. लाइव्ह पेनड्राइव्हवरून घरचं साधं नेटवर्क डेस्कटॉपवरून जोडताच येत नाही. उघडं नेटवर्क सुरक्षित असल्याचं दाखवलं जातं. पासवर्ड दुसऱ्या वापरकर्त्याला वाचता येतो. यांत वाद घालू नये. सिग्नलच्या रेघा चुकीच्या दिसणं किंवा हॉटस्पॉटचं बटण न चालणं याला अपडेट पुरतो.

सहावी पायरी: मत लिहिणं

बगच्या नोंदीत आधी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहा. मग कोणत्या कार्डांवर झालं, मागच्या आवृत्तीत होतं की नाही, आडवाट कोणती. निकषाचं वाक्य आणि शेवटी तुमचं मत. 'हे अजिबात खपवून घेतलं जाणार नाही' असं लिहू नका. ज्याने तो कोड लिहिला तोही रात्री जागून काम करणारा कोणीतरी आहे, आणि बऱ्याचदा फुकट. पण मत मात्र भिडस्तपणे गिळू नका. चुकीचा पासवर्ड पहिल्यांदाच अडकला असता तर मी रिलीजच्या आदल्या रात्रीही थांबवा म्हणून लिहिलं असतं. शेवटच्या दिवसांत सापडलेले बग पुढच्या आवृत्तीवर ढकलायची मुभा फेडोरासारख्या ठिकाणी बैठकीला असते, म्हणून जमलं तर बीटा (रिलीजच्या बऱ्याच आधीची चाचणीची आवृत्ती) आल्याच्या आठवड्यातच लॅपटॉप घेऊन बसा.

आमच्या बगची दुरुस्ती मंगळवारी रात्री आली. बुधवारी ती चारही कार्डांवर लावली, राउटरचा पासवर्ड बदलून बघितला, मग दुरुस्तीने दुसरं काही मोडलं नाही ना म्हणून ताज्या इन्स्टॉलवर चुकीच्या पासवर्डचे तिन्ही प्रयोग पुन्हा केले. चाललं. अपडेट रिलीजच्या सकाळी भांडारात होता.

राहिले ते लोक, जे इन्स्टॉल करतील, एकदा नेट जोडतील, अपडेट घेणार नाहीत आणि महिन्याभराने राउटरचा पासवर्ड बदलतील. त्यांच्यासाठी ज्ञात अडचणींच्या पानावर नोंद हवी होती. ती मराठीत लिहायचं काम रविवारी प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलाकडे दिलं. त्याने लिहिलेली नोंद अशी:

"राउटरचा पासवर्ड बदलल्यावर वायफाय लागत नसेल तर नावाशेजारचं चाक दाबू नका. तीन ठिपक्यांच्या मेनूतून जतन केलेली नेटवर्क उघडा, आपलं नाव काढून टाका, मग यादीतून ते पुन्हा निवडून नवा पासवर्ड टाका. हेही जमलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लागलं की लगेच अपडेट घ्या, त्यानंतर ही अडचण येणार नाही."